नाडाछडीचे पाच वेढे

विलास गेल्याचं मला आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळी दौंडच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो, खिशात फोन थरथरत होता. पण त्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि सुविचार यांशिवाय काही येत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. घरी येऊन पाहिलं तर ओळीनं जोडलेले हात. वर सरकवत गेलो. कुणीतरी विलासचा कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपला रॉकेटवाला गेला.' त्याखाली दुसऱ्यानं विचारलं होतं, 'कोण, स्वतःच्या चुकीनं कडबा पेटवलेला तो का?' आणि तिसऱ्यानं उत्तर दिलं होतं, 'हो तोच. माणूस चांगला होता.' मग पुन्हा जोडलेले हात. बासष्ट वर्षं जगलेला माणूस तीन ओळींत आटोपला. मीही हात जोडून पाठवले आणि मेथी निवडायला बसलो.

त्या तीन ओळींतली मधली ओळ खोटी आहे, हे त्या ग्रुपमध्ये फक्त मला माहीत होतं. ग्रुपमध्येच कशाला, बारा वर्षं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द विलासलाही नाही. असे लेख लिहिताना गेलेल्याचं कौतुक करायचं, दोन गमती सांगायच्या, शेवटी पोकळीबद्दल काहीतरी लिहायचं, अशी रीत आहे. मी चौतीस वर्षं शाळेत भाषणं ठोकली, मला ही रीत चांगली जमते. या वेळी ती बाजूला ठेवतो. कौतुक येईल, कारण ते त्याच्या हक्काचं आहे. पण हा लेख मी एक गोष्ट कबूल करायला लिहितो आहे, आणि ती ऐकायची ज्याला गरज होती तोच आता नाही. तेव्हा माझ्या कबुलीचं फार कौतुक करू नका.

माझं गाव राहू, पण आठवीपासून मी मांडवगण फराट्याला मामाकडे राहिलो आणि तिथल्या शाळेत विलास माझ्या बाकावर आला. तो वर्गात कधी पहिल्या दहात नव्हता. पण कुणाच्या सायकलची चेन उतरली, कुणाच्या कंपासपेटीचं झाकण वाकलं, की वस्तू विलासकडे जायची आणि मधल्या सुट्टीनंतर नीट होऊन परत यायची. दहावीनंतर मी सायन्सला गेलो, मास्तर झालो. तो आयटीआय करून फिटर झाला आणि पुढे रांजणगावच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला. केसाएवढा फरक त्याला बोटाला कळायचा. मोजायची साधनं हातात असूनही तो आधी अंगठा फिरवायचा, आकडा सांगायचा आणि मग मोजून खात्री करायचा. तो आकडा बहुतेक वेळा बरोबर निघायचा आणि याचा त्याला गर्व होता. त्याच्या आयुष्यात त्यानं बाळगलेला तेवढाच एक गर्व, आणि तोच मी मोडला.

रॉकेटचा नाद त्याला लागला तो कोरेगाव भीमाच्या एका भंगारवाल्याकडे. कुठल्याशा कंपनीतला परदेशी साहेब बदली होऊन मायदेशी गेला होता आणि त्याच्या घरातलं मागे राहिलेलं सामान भंगारात आलं होतं. विलास लोखंड आवळून धरायची एक जुनी व्हाइस बघायला गेला होता. कोपऱ्यात त्याला हातभर लांबीची पुठ्ठ्याची नळी दिसली, टोकाला प्लास्टिकचं निमुळतं नाक, बुडाशी पातळ लाकडाचे पंख, त्यातले दोन तुटलेले. नळी मधोमध चेपली होती. 'खिलौना है भैया, ले जाओ,' म्हणत तिथल्या माणसानं ती व्हाइससोबत टाकून दिली. विलास ती घेऊन थेट माझ्या शाळेत आला. मी विज्ञानाचा मास्तर, मला चेव आला. क्रिया, प्रतिक्रिया, फळ्यावर बाण, अर्धा तास मी सोडला नाही. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर जातंय ते कळलं. पण खाली कसं येतं?" मी नळीच्या पोटातलं जीर्ण झालेलं पॅराशूट ओढून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "वर काय, दिवाळीचा बाण पण जातो. हे नीट खाली येऊन परत उडतं, ही खरी गंमत हाय."

मग त्याच्या घरामागे, गोठ्याच्या पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत हा उद्योग सुरू झाला. नवं रॉकेट त्यानं कधी घेतलं नाही. हौस संपलेल्यांची, पोरं मोठी झालेल्यांची, माळ्यावर धूळ खात पडलेली रॉकेटं तो पुण्यातून, कुठून कुठून गोळा करायचा. "नव्याला मी काय करू?" म्हणायचा. चेपलेला भाग कापून काढायचा, आतून दुसऱ्या पुठ्ठ्याची बाही सरकवायची, वरून जोड दिसणार नाही असा घासायचा. पंखांचं लाकड हलकं आणि भुसभुशीत. त्याच्या रेषा बुजवायला तो सुताराच्या सीलरमध्ये अंगाला लावायची पावडर कालवायचा, म्हणून ती खोली भंगाराची असूनही तिला तान्ह्या बाळाचा वास यायचा. सुमनवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या नायलॉनच्या साड्यांची पॅराशूटं व्हायची आणि ती त्याच शिवून द्यायच्या. एखाद्या नळीवर आधीच्या मालकाच्या पोरानं पेननं नाव खरडलेलं असेल, तर तेवढी जागा सोडून तो रंग द्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "त्याचंच हाय. मी फक्त नीट केलंय."

रॉकेट तयार झालं की तो त्याला दोरी बांधून अंगणात डोक्याभोवती गरगर फिरवायचा. नाक पुढे धरून सरळ फिरलं तर ते आभाळातही सरळ जाणार, अशी ती परीक्षा. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. "विलासराव, गोफण हाय का काय?" कुणीतरी विचारायचं आणि हा फिरवता फिरवता हसायचा. उडवणं मात्र वर्षाकाठी चार-पाचदाच. त्याला लागणारी इंजिनं, म्हणजे बोटाएवढ्या दाबून भरलेल्या नळ्या, एकदा जळली की संपली, आणि ती पुण्यातल्या हौशी मंडळींकडून मोजकीच मिळायची. ज्वारी निघाल्यावर रिकाम्या रानात तो तीन पायांचं तिकाटणं मांडायचा. त्यावर उभी लोखंडी सळई. रॉकेटच्या अंगाला एक बारकी नळी चिकटवलेली असते, विलास तिला कान म्हणायचा. तो कान सळईत ओवायचा, म्हणजे सुटताना रॉकेट सळईच्या धाकात सरळ वर जातं आणि मग मोकळं होतं. बटण दाबलं की सूंऽ असा आवाज, धुराची रेघ, आणि वर कुठंतरी वहिनींच्या साडीचं फूल उमलायचं. ते कुठे पडतंय हे बघत विलास आभाळाकडे तोंड करून ढेकळांतून पळायचा. दोनदा चारीत पडला, एकदा गुडघा फुटला. पण रॉकेट हातात घेऊन परतताना त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी पुढे कुठल्याच सत्कारात कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नाही.

त्याचा एक नेम होता. शेवटची तपासणी तोच करायचा आणि एकदा तपासलं की उडेपर्यंत कुणी रॉकेटला शिवायचं नाही. एकदा मी पंखाला चिकटलेलं कुसळ काढलं, तर त्यानं रॉकेट सळईवरून उतरवलं आणि सगळं पहिल्यापासून तपासलं. मी चिडलो. तो म्हणाला, "तुझ्यावर इश्वास न्हाई असं न्हाई, सुभाष. पण मी बघितलं तवा कुसळ हुतं. आता न्हाई. म्हंजी मी बघितलेलं रॉकेट हे न्हाई." विज्ञान मी शिकवत होतो. पाळत तो होता.

बारा वर्षांपूर्वी मी भीमेकाठच्या एका शाळेत होतो. गावाचं नाव लिहीत नाही. गावाचा दोष नाही. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात दोन नावं होती आणि त्यातलं एक माझं होतं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवायचं म्हणून मी विज्ञान प्रदर्शन घेतलं आणि उद्घाटनाला रॉकेट सोडायचं ठरवलं. विलास तयार नव्हता. "सभेत नको रं. सभेत घाई असती," एवढंच तो म्हणाला. मी त्याला मैत्रीची गळ घातली. मी आयुष्यात त्याच्याकडे पहिल्यांदाच काही मागतोय, असंही म्हणालो. तेही खोटं होतं. मी त्याच्याकडून सायकलपासून कुलपापर्यंत सगळं फुकट दुरुस्त करून घेतलं होतं. तो तयार झाला, आणि त्याचं सगळ्यात आवडतं रॉकेट घेऊन आला. कोरेगाव भीमाच्या भंगारातलं ते पहिलं. लालभडक रंगवलेलं, कान नव्यानं बसवलेला.

त्यानं मैदानाच्या कडेला तिकाटणं मांडलं, रॉकेट ओवलं, तपासलं, पोरांना लांब बसवलं, मधे दोरी ताणली. तेवढ्यात पाहुणे आले. आबांच्या सांगण्यावरून विलासचाही शाल-नारळ देऊन सत्कार ठरला होता, म्हणून त्याला स्टेजवर बोलावलं. तो मागे वळून वळून बघत गेला. सगळी सभा स्टेजकडे तोंड करून बसली होती. आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, पूजेचं तेवढं उरकून घ्या. पाव्हण्यांला पुढं जायचंय." आमच्याकडे ट्रॅक्टर येवो, बोअरची गाडी येवो, शाळेत कॉम्प्युटर येवो, पूजा झाल्याशिवाय कळ दाबत नाहीत. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी ताट घेऊन गेलो. हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. ताटात नाडाछडी होती, लाल सुताचा तो पूजेचा दोरा. यंत्राला बांधतात तशी मी ती रॉकेटला बांधायला गेलो. पण नळी इतकी गुळगुळीत घासलेली, की दोरा घसरून पंखांवर यायचा. मागे आबा घड्याळ बघत होते. मग मी रॉकेट आणि सळई दोन्ही मिळून पाच वेढे घेतले आणि गच्च गाठ मारली. बी.एस्सी., बी.एड. माणसानं. क्रिया, प्रतिक्रिया शिकवणाऱ्यानं.

विलास शाल सावरत परत आला तोवर पाहुण्यांच्या हातात बटण दिलेलं होतं. तो रॉकेटकडे निघाला. आबा म्हणाले, "झालंय सगळं, झालंय." वीस पावलांवरून त्यानं निरखून पाहिलं. लाल रॉकेटवर लाल दोरा दिसण्यासारखा नव्हता, कुंकवाचं बोट तेवढं दिसलं असेल. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पाहुण्यांनी बटण दाबलं. रॉकेट क्षणभर जागेवरच फुरफुरलं, आणि त्या क्षणात मला माझे पाच वेढे आठवले... मग सळईच तिकाटण्यातून उपसली गेली आणि रॉकेट ती लोखंडी सळई काखोटीला मारून आडवं सुटलं. पोरांच्या डोक्यावरून गेलं हे आमचं नशीब. कुंपणापलीकडे गणपतआप्पांची कडब्याची गंज होती. त्यात ते घुसलं.

गणपतआप्पा म्हातारे. त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं घेऊन हिंडलेलं घर, आता तुकडाभर शेती आणि तीन म्हशी. वर्षाची वैरण अर्ध्या तासात गेली. एका म्हशीची पाठ भाजली. पाहुणे गाडीत बसून निघून गेले, आबा तोंड फिरवून फोनवर बोलत राहिले, आणि विलास अंगावरच्या सत्काराच्या शालीनं आग झोडपत होता. विझल्यावर तो आप्पांसमोर जाऊन उभा राहिला. आप्पा म्हणाले, "तू मुद्दाम केलं न्हाईस, ठावं हाय मला. पण जनावरांनी आता खायचं काय, सांग." पुढचा पावसाळा लागेपर्यंत विलासनं आपल्या रानातली वैरण नदी ओलांडून त्यांच्या दारात टाकली. त्याच्या गोठ्यात त्या वर्षी एकच जनावर उरलं, बाकीची वहिनींच्या माहेरी धाडली. पण गावाला एवढ्यावर चैन पडली नाही. पोलिसांत अर्ज गेला. विलासनं तिथे लिहून दिलं की माझ्या जोडणीतल्या दोषामुळे हे घडलं, मी पुन्हा रॉकेट उडवणार नाही. कुणी त्याला हा मजकूर सांगितला नव्हता. त्याला तो खरा वाटला म्हणून त्यानं लिहिला.

तो खरा का वाटला, ते आता सांगतो. आगीच्या दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला होता. त्यानं शिपायाला, स्वयंपाकाच्या बाईंना, मास्तरांना, थेट आबांनाही एकच विचारलं, मी स्टेजवर असताना रॉकेटला कुणी हात लावला का? सगळे नाही म्हणाले, आणि प्रामाणिकपणे म्हणाले. ज्यांनी मला ताट घेऊन जाताना पाहिलं होतं त्यांच्या लेखीही ती पूजा होती, आणि पूजा करणं म्हणजे हात लावणं नव्हे. पूजा झाली होती हे विलासलाही माहीत होतं, पण बोटभर कुंकवानं रॉकेट अडत नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. "सुभाष, मधल्या येळात काय बदललं हुतं का रं?" मी परीक्षानळ्या पुसत होतो. मी म्हणालो, "नाही." त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, संशयानं नव्हे, हिशेब जुळवणारा माणूस बघतो तसं. म्हणाला, "मग कानच गेला. मीच बसवलेला. सांधा सुटला, कान तिरका झाला आन् त्यानं सळई धरली." दोरा कडब्यात जळून गेला होता. त्याच्या तर्काला खोटं पाडणारं जगात काही उरलं नव्हतं, माझ्याशिवाय.

त्या दिवशी मी का बोललो नाही याची कारणं मी तेव्हा स्वतःला फार छान पटवली होती. बोललो तर पूजा सांगणाऱ्या आबांवर येईल. मग मुख्याध्यापकपद गेलं. धर्माचं नाव येईल, गावात वेगळंच पेटेल. विलासचं काय, त्याचा तर छंद आहे, नोकरी थोडीच जाणार आहे... पद मिळालं की सावकाश सांगू. पद मिळालं. मग म्हटलं, मुलीचं लग्न होऊ दे. मग निवृत्ती होऊ दे. आबा वारले, तेव्हा तर शेवटची सबब संपली होती. मी तरीही मूग गिळून बसलो, कारण आता सांगायचं म्हणजे इतकी वर्षं का सांगितलं नाही, हेही सांगावं लागणार होतं.

नोकरी जाणार नाही, हे मी म्हणालो होतो. गेली नाही. पण वर्षभरात विलासनं स्वतःहून टूलरूम सोडून स्टोअरला बदली मागून घेतली. ज्याच्या अंगठ्याला केसाएवढा फरक कळायचा तो माणूस निवृत्त होईपर्यंत नट-बोल्टांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लावत बसला. मला वाटलं, थकला असेल. विचारलं तेव्हा म्हणाला, "हात गेला माझा. ज्या सांध्यावर मी डोळं झाकून इश्वास ठिवला त्योच सुटला. उद्या मशीनवर माझ्या चुकीनं कुणाचं बोट जायचं." मी म्हणालो, "इतकं मनाला लावून घेऊ नये." हे मी म्हणालो. माझ्या निरोप समारंभाला तो आला, मागच्या रांगेत बसला. मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाऊण तास बोललो, जे पाहिलं ते सांगावं, जे नाही पाहिलं ते सांगू नये वगैरे. खाली बसताना मला दिसलं, विलास टाळ्या वाजवत होता.

रॉकेटं दुरुस्त करणं त्यानं थांबवलं नाही, फक्त ती उडेनात. लिहून दिलेला शब्द त्यानं पाळला. पुण्याच्या मंडळींनी त्याला दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात उडवायला बोलावलं, तो गेला नाही. लोक वस्तू आणून द्यायचे, हा नीट करून परत पाठवायचा आणि सोबत चिठ्ठी लिहायचा, 'कान दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्यावा.' त्याची शेवटची भेट शिरूरच्या एसटी स्टँडवर झाली, जाण्याच्या दोन महिने आधी. खूप वाळला होता. इकडचं तिकडचं बोललो, गाडी लागली, मी चढायला निघालो तर त्यानं माझी बाही धरली. "सुभाष, त्या दिवशी सकाळी दव पडलं हुतं का रं? डिंकाला वल लागली असंल का?" बारा वर्षांनी. मी म्हणालो, "पडलं असेल." त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो, अशी मी माझी समजूत घातली. कंडक्टरनं घंटी वाजवली.

दशक्रियेला मी गेलो. मांडवगणच्या घाटावर पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. मी हात जोडून, मनातल्या मनात शब्द जुळवत उभा होतो. आता तरी मोठ्यानं म्हणेन, चारचौघांत म्हणेन... पण झाडावरून कावळा सरळ उतरला आणि पिंडाला शिवला. "सुखी जीव, काय मागं ठिवलं न्हाई," लोक म्हणाले. माझ्याकडून त्याला काहीच नको होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो, म्हणजे मी कसा माणूस आहे याबद्दल वाचकांच्या मनात शंका राहायला नको.

मागच्या आठवड्यात सुमनवहिनींचा फोन आला. खोली आवरायला काढली आहे, त्यांच्या वस्तूंतलं तुम्हालाच कळतं, येऊन जा. गेलो. भिंतीवर ओळीनं तीस-बत्तीस रॉकेटं, धूळसुद्धा नव्हती. वहिनींनी फळीखालून एक पत्र्याची पेटी ओढली, मोठी, गव्हाच्या कोठीएवढी. झाकण उघडलं. आत बोटभर लांबीचे पुठ्ठ्याच्या नळीचे तुकडे होते, हजारांनी, आणि प्रत्येकावर एक कान चिकटवलेला. "हे काय हाय, मला कळंना," वहिनी म्हणाल्या. "रोज एक करायचे. वाळला की त्याला दगूड टांगायचे. उन्हात ठिवायचे, पाण्यात भिजवायचे, परत टांगायचे. एक पण तुटला न्हाई. तरी म्हणायचे, कुठंतरी तुटतोय, मला गावंना." मी खाली बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. ताट, आबांचं घड्याळ, पाच वेढे, गाठ. त्या उभ्याच होत्या.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांनी इचारलं हुतं तुम्हाला?"

"हो."

"कितींदा?"

"एकदाच."

"मला लई येळा इचारलं," वहिनी म्हणाल्या. "मी स्टेजकडं तोंड करून बसलेली, मला काय दिसणार? मी म्हणायची, भावजी हुते की तिथंच, त्यांला परत एकदा इचारा, त्यांच्या ध्यानातनं गेलं असंल. तर माझ्यावरच खेकसायचे. म्हणायचे, सुभाष न्हाई म्हणलाय. म्हंजी न्हाई."

मग त्या वाकल्या, पेटीतून हाताला आला तो एक तुकडा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तोडा."

मी तो तुकडा हातात घेतला.

"तोडा की. बघू द्या मला."

मी एका हातात नळी धरली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत कान धरला आणि ओढला. मग अंगठा खाली घालून जोर लावला, मग उभा राहून, दात आवळून. नळी चेपली, माझ्या बोटाचं कातडं सोललं. वहिनी समोर उभ्या राहून बघत होत्या. सांधा तुटला नाही.